साडेसहाचा माणूस

चॅटनूगाचा लॅमॉन्ट टिडवेल, शाळेची बस चालवणारा,
सलग अकरा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात जिंकला
आणि एकदाही त्याला कॉफी विचारता आली नाही.

बटण दाबण्याआधी डाव्या बाहीचं टोक ओढतो.
उत्तर बरोबर आलं की ओशाळतो,
जणू कुणाच्या ताटातलं उचललं.
हे मला पहिल्याच दिवशी आवडलं.
व्हर्ना हाताया म्हणते, तुला त्याचा तपकिरी स्वेटर आवडला.
तेही असेल.

फेब्रुवारी. सरोवर काठापासून बेटापर्यंत गोठलेलं,
मासळीचा कारखाना बंद, बोटी ताडपत्रीखाली.
करण्यासारखं एकच: बटाटे उकडायला ठेवायचे
आणि गळ-आमिषाच्या दुकानाने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर
त्याची रक्कम मांडायची.
मंगळवारी बायझंटाईन सम्राट, बुधवारी मूलद्रव्यं,
गुरुवारी ऑपेरा. ऑपेरा! बस चालवणाऱ्याला!
मी टेबलावर थाप मारली, मीठ सांडलं.
जाहिरात लागली की व्हर्नाचा फोन:
"बघितलंस?"
"बघितलं."
मग दोघी गप्प, एकमेकींचा टीव्ही ऐकत.

माझं शिक्षण नववीपर्यंत.
त्याची उत्तरं मला कळायची नाहीत,
पण तो चुकणार असला की त्याच्याआधी मला कळायचं,
बाहीचा हात मध्येच थांबायचा.
आर्वोच्या आजारपणातही मी इतकं
कुणाच्या हाताकडे बघत बसले नव्हते.
खोटं बोलले. बसले होते.

बाराव्या दिवशी शेवटचा प्रश्न:
सुपीरियर सरोवरातला कोणता मासा,
ज्याची अंडी हिवाळ्याच्या तोंडावर
थेट स्वीडनला जातात?

मी हसले. खरंच हसले.
चौतीस नोव्हेंबर मी त्याची पोटं फाडली,
रबरी हातमोज्यातून थंडी हाडात शिरेपर्यंत.
नारिंगी अंडी एका बादलीत, मासा दुसरीत.
हातचा मळ म्हणतात ना,
तो माझ्या नखांत होता, चंदेरी.
सिस्को, मी म्हटलं.
सिस्को, लॅमॉन्ट.
त्याचं पेन हलेना.
मग ओरडले, काचेला नाक लावून,
बहिऱ्याला सांगावं तसं,
अक्षर अक्षर सुटं करून.

त्याने लिहिलं: सामन.
आणि ओशाळला. तसाच. फरक नाही.

फोन वाजला.
व्हर्ना काही बोलली नाही, मीही नाही.
तिच्याकडेही बटाटे करपत असावेत.

नंतर पेपरात आलं, हे सगळं नोव्हेंबरातच चित्रित झालेलं,
शेवटचा भाग थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी.
म्हणजे इतके दिवस मी जीव मुठीत धरून
एका हरून घरी गेलेल्या माणसाला जिंकवत होते.
त्या मंगळवारी मी कुठे होते?
आठवावं लागलं नाही.
दोन नंबरच्या टेबलापाशी, व्हर्ना डावीकडे,
रेडिओ बिघडलेला,
आणि सुरीखाली तोच.
दोन हजार मैलांवर एका माणसाला एक शब्द हवा होता
आणि इथे आम्ही तो
बादल्या भरभरून बर्फावर ओतत होतो.

नवी विजेती दातांची डॉक्टर आहे. फार भरभर बोलते.
बघते मी तिला, पण उभ्याउभ्या.

शनिवारी धुरी दिलेले चार तुकडे
मेणकागदात बांधले, पत्ता घातला:
लॅमॉन्ट टिडवेल, शाळेची बस, चॅटनूगा, टेनेसी.
पोस्टातली मॅर्लिस चष्म्यावरून बघत म्हणाली,
"एवढ्यावर पोहोचेल?"
"पोरं सांगतील," मी म्हटलं.
आत काय आहे ते लिहावं लागतं, ती म्हणाली.
मी 'मासा' लिहिलं.
कोणता, ते लिहिलं नाही.
ते आता त्याला जन्मभर पाठ असणार.